रिसीव्हर बसला म्हणून घर सरकारजमा होत नाही

नागपूरहून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "वडील गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या कमाईतून नागपूरच्या महाल भागात दुमजली घर घेतलं होतं, खाली चार दुकानं भाड्यानं, वर आई आणि दादा-वहिनी राहतात. काटोलकडे संत्र्याचा सहा एकर बगीचा आहे. भाडं, बगीचा सगळं दादाच पाहायचा, हिशोब मागितला की चिडायचा. शेवटी धाकट्या बहिणीनं पुण्याहून वाटपाचा दावा टाकला आणि आता कोर्टानं एका वकील साहेबांना रिसीव्हर नेमलं. त्यांनी दुकानदारांना नोटीस दिली, की भाडं आता माझ्याकडे द्या, आणि बगीच्यातल्या खोलीला आपलं कुलूप लावलं. दादा म्हणतो कुलूप तोडून टाकतो. आई रडत राहते, म्हणते घर सरकारजमा होणार. एक दुकानदार म्हणाला की रिसीव्हर दुकानं दुसऱ्याला देऊन राहिले. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत, व्यापारी येऊन परत गेला. हा माणूस आमचं घर विकू शकतो का? आईला बाहेर काढेल का? आम्ही कोणाकडे जायचं?"

ताई,

आधी एवढं आईंना वाचून दाखवा, बाकीचं मग. घर सरकारजमा झालेलं नाही आणि या दाव्यात होणारही नाही. रिसीव्हर, म्हणजे मिळकत सांभाळायला कोर्टानं नेमलेला माणूस, बसला तरी मालकी जिथे होती तिथेच राहते, ना सरकारकडे जात ना रिसीव्हरकडे. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तुम्ही तीन भावंडं असे चार वारस, चौघांचा सारखा चौथा हिस्सा. दादानं कितीही वर्षं कारभार पाहिला तरी त्याचा चौथाच, बहीण लग्न करून पुण्याला गेली तरी तिचा पूर्ण चौथा, आणि आईंचा स्वतःचा चौथा आहे, त्या कोणाच्या मेहेरबानीवर त्या घरात राहत नाहीयेत. सातबाऱ्यावर मालकाच्या रकान्यात रिसीव्हरचं नाव चढत नाही.

आईंच्या मनात ही भीती कुठून आली याचा मला अंदाज आहे. आपल्या विदर्भातल्या जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, घरांमध्ये 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' हा शब्द अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सापडतो, मध्य प्रांताचा १८९९ चा कायदाच होता तसा, मालक अल्पवयीन असला किंवा इस्टेट सांभाळायला नालायक ठरला की सरकारी अधिकारी ती इस्टेट ताब्यात घेऊन चालवायचे आणि घरच्यांना फारसं विचारायचे नाहीत. १९५१ ला मालगुजारीच गेली, पण साहेब येऊन कुलूप लावतो ही धास्ती राहिली. तुमच्याकडे जे झालंय ते वेगळं आहे. इथे कोर्टात दावा चालू आहे, तुम्ही सगळे त्यात पक्षकार आहात, आणि त्या रिसीव्हरला प्रत्येक रुपयाचा हिशोब कोर्टात द्यायचाय, जो तुम्हाला पाहता येतो. दादाकडून एवढी वर्षं जो मिळाला नाही तो हिशोब आता मिळायचा रस्ता उघडलाय, असं मला तरी वाटतं.

आता रिसीव्हर म्हणजे नेमकं कोण ते समजून घ्या कारण निम्मं भांडण गैरसमजातून होऊन राहिलंय. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, त्यात ऑर्डर ४०. कोर्टाला न्याय्य आणि सोयीचं वाटलं तर मिळकतीवर रिसीव्हर नेमता येतो, निकालाच्या आधीही आणि नंतरही. भाडं वसूल करायचं, मिळकत सांभाळायची, तिची डागडुजी करायची, दावे लावायचे किंवा लढायचे, कागदांवर सह्या करायच्या, हे सगळे अधिकार कोर्ट त्याला देऊ शकतं. पण कायद्यात शब्द असे आहेत, की मालकाला असतात ते सगळे अधिकार द्यावेत किंवा त्यातले कोर्टाला योग्य वाटतील तेवढेच द्यावेत. म्हणजे 'रिसीव्हरला काय करता येतं' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या वकिलाच्या अंदाजातही नाही, त्या दुकानदाराच्या बोलण्यात तर अजिबातच नाही, ते तुमच्या केसमधल्या नेमणुकीच्या आदेशात आहे. तो आदेश तुमच्यापैकी कोणी वाचलाय का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही. सिव्हिल लाइन्सला कोर्टात जाऊन नक्कल विभागात अर्ज टाका, प्रमाणित प्रत काढा, तोपर्यंत ई-कोर्टच्या साइटवर केसचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) टाकून आदेश अपलोड झालाय का ते बघा. मग पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक अधिकाराखाली रेघ मारा: भाडं वसूल करणे लिहिलंय का, नवीन भाडेकरू ठेवणे लिहिलंय का, बगीच्याचं पीक विकणे लिहिलंय का, हिशोब किती महिन्यांनी द्यायचा ते लिहिलंय का, जामीन किती रकमेचा घेतलाय. जे लिहिलेलं नाही त्यासाठी त्यांनी कोर्टात येऊन परवानगी मागायला हवी.

आणि तो बहिणीचा माणूस नाही बरं का. अर्ज बहिणीनं केला म्हणून घरात सगळे तसं बोलत असतील, पण नेमल्याच्या क्षणापासून तो कोर्टाचा अधिकारी, संहितेच्या कलम २(१७) मध्ये 'सार्वजनिक अधिकारी' म्हणजे कोण याची जी व्याख्या आहे त्यात कोर्टाच्या वतीनं मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी बसतो. त्याचा ताबा म्हणजे कोर्टाचा ताबा. कोर्टं रिसीव्हर सहज नेमतही नाहीत, मद्रास हायकोर्टाचा १९५५ चा एक निकाल आजही वकील मंडळी दाखवतात, त्यात रिसीव्हर नेमण्याची पाच तत्त्वं 'पंच सदाचार' म्हणून सांगितलीत. त्याचं सार असं, की मागणाऱ्याची बाजू सकृतदर्शनी भक्कम हवी, मिळकतीला खरोखर धोका किंवा नुकसान दिसायला हवं, आणि नुसती सोय म्हणून कोणाचा चालू ताबा काढून घ्यायचा नाही. तरीही तुमच्याकडे नेमला, म्हणजे भाडं आणि बगीच्याचा पैसा कुठे जातो हे कोर्टाला कळेना. हे मी दादाला दोष द्यायला लिहीत नाही, पण चार दुकानांचं भाडं आणि सहा एकराचा बहार एकट्यानं घेऊन वर्षानुवर्षं हिशोब न देणं हे आई आणि दोन बहिणींवर अन्यायच होता आणि ते कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवं.

घर विकू शकतो का? नाही. रिसीव्हरला मनानं घर विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही. तसं करायचं तर कोर्टाचा स्पष्ट आदेश लागतो, तुम्हाला नोटीस येते, तुमचं म्हणणं ऐकलं जातं. विक्रीचा प्रश्न पुढे वेगळ्या वाटेनं येऊ शकतो हे मात्र सांगून ठेवतो, महालातल्या घराचे चार सरळ तुकडे पडणं अवघडच असतं, अशा वेळी १८९३ चा वाटप कायदा लागू होतो. मिळून निम्मा किंवा जास्त हिस्सा असणाऱ्यांनी मागणी केली तर कोर्ट विक्रीचा विचार करू शकतं, पण तेव्हा बाकीच्या हिस्सेदारांना विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीत विकत घ्यायचा हक्क आहे. म्हणजे तेव्हाही ज्यांना विकायचं नाही ते मिळून घर राखू शकतात, पैशाची सोय असली तर.

दुकानांचं. भाडं रिसीव्हरकडे द्या ही नोटीस बरोबर आहे, आदेशात तसा अधिकार असेल तर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये 'घरमालक' या व्याख्येतच दुसऱ्यासाठी भाडं घेणारा रिसीव्हर धरलेला आहे. दुकानदारांना तुम्हीच समजावून सांगा, की नोटिशीनंतर दादाच्या हातात भाडं दिलं तर ते भाडं दिल्यासारखं धरलं जाईलच असं नाही, दुसऱ्यांदा भरायची पाळी त्यांच्यावर येऊ शकते, त्यांनी रिसीव्हरची पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. दुकान दुसऱ्याला देऊन राहिले ही बातमी खरी की बाजारगप्पा ते आधी लेखी विचारा. चालू भाडेकरूला असं हात धरून काढता येत नाही, त्याला भाडे कायद्याचं संरक्षण आहे, रिसीव्हरलाही दावाच लावावा लागेल आणि त्यासाठी आदेशात अधिकार किंवा कोर्टाची परवानगी लागेल. रिकामं दुकान असेल तर तेही आपल्या ओळखीच्या माणसाला परस्पर देता येत नाही. कोर्टाचा आदेश मोडून रिसीव्हरनं दिलेल्या भाडेकराराला भाडेकरू कायद्याचं संरक्षण मिळत नाही असं सुप्रीम कोर्टानं १९९० मध्येच सांगितलंय, तेव्हा जो कोणी नवीन माणूस येईल त्यालाही हे कळलेलं बरं. आणि करार झालाच तर तो लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५.

आईंचा मुक्काम. इथे मी गोड बोलून सोडून देणार नाही, कायद्यानं कोर्टाला दाव्यातल्या पक्षकाराचा ताबा काढून रिसीव्हरला द्यायचा अधिकार आहे, ऑर्डर ४० रूल १ मध्ये ते आहेच. पण राहतं घर, म्हातारी आई, जिचा स्वतःचा हिस्सा त्यात आहे, तिला बाहेर काढायचं कारणच नाही, आणि तुमच्या पत्रावरून तसं कोणी मागितलेलंही दिसत नाही. तरी आईंची झोप उडाली असेल तर तुमच्या वकिलांमार्फत आईंच्या नावानं छोटा अर्ज टाका, की वरचा मजला माझं राहतं घर आहे, मला तिथे रिसीव्हरची एजंट म्हणून राहू द्यावं आणि माझ्याकडून राहण्याचा मोबदला घेऊ नये. एजंट हा शब्द ऐकून घाबरू नका, ती कोर्टातली रोजची पद्धत आहे, ताबा कागदावर रिसीव्हरचा, माणूस जिथल्या तिथे. त्याच अर्जात भाड्याच्या रकमेतून आईंच्या औषधपाण्यासाठी दरमहा काही रक्कम मागता येईल, मिळेलच असं नाही पण आईंच्या हिश्श्यातून वळती करून द्या म्हटलं तर मागणी वाजवी आहे. हा अर्ज आईंच्या स्वतःच्या सहीनं गेला पाहिजे, दादाच्या वतीनं नको.

आता बगीचा, आणि ताई इथे खरी घाई आहे. घर सहा महिने तसंच उभं राहील, संत्रा थांबत नाही. आंबिया बहार दिवाळीच्या आसपास तोड्याला येतो, त्याच्या आधी व्यापारी बगीचे पाहत फिरतात, झाडावरच सौदा होतो, इसार घेतला जातो. तुमचा व्यापारी परत गेला कारण सौदा कोणाशी करायचा हेच त्याला कळलं नाही. तिकडे फळगळ चालू असेल, लदबदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू लागत असतील, फवारणी राहिली असेल, मोटरचं बिल कोण भरतंय कोणास ठाऊक. रिसीव्हर साहेब वकील आहेत, त्यांना यातलं काही ठाऊक असेलच असं नाही, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, त्यांना सांगायला हवं. आज-उद्यात लेखी पत्र द्या, पोच घ्या, की पीक या महिन्यात तयार होतंय, एवढी झाडं फळावर आहेत, आजचा कळमना बाजारातला भाव असा, फवारणी आणि टेकूला अंदाजे इतका खर्च. आणि कोर्टात अर्ज टाका, की बहार जाहीर बोलीनं विकायची रिसीव्हरला परवानगी द्यावी आणि पैसे कोर्टात किंवा रिसीव्हरच्या वेगळ्या खात्यात जमा करावेत. नाशवंत मालाची दावा चालू असताना विक्री करायची सोय संहितेत ऑर्डर ३९ रूल ६ मध्ये आहेच, कोर्टं अशा अर्जावर अडून बसत नाहीत, फक्त अर्ज वेळेत पोचला पाहिजे, फळ जमिनीवर पडल्यावर नाही. बोली लागेल तेव्हा दादालाही बोली लावू द्या म्हणावं, त्याला बगीचा कळतो, सर्वांत जास्त भाव त्यानं दिला तर त्याला मिळू दे, पैसे मात्र खात्यात. यात दादाचा मानही राहतो आणि झाडंही.

रिसीव्हरनं ताबा घेताना पंचनामा केला असेल. तो मागून घ्या. झाडं किती, वाळलेली किती, विहिरीवरची मोटर किती हॉर्सपॉवरची, स्टार्टर, ड्रिपच्या नळ्या, खोलीत खताची पोती किती, हे सगळं त्यात उतरलंय का बघा. नसेल तर आत्ताच लेखी कळवा आणि फोटो काढून ठेवा, कारण उद्या काही गायब झालं तर हाच कागद बोलतो. ऑर्डर ४० च्या रूल ३ प्रमाणे रिसीव्हरनं कोर्ट सांगेल तसा जामीन द्यायचा, ठरलेल्या मुदतीत हिशोब द्यायचा, निघेल ती रक्कम भरायची, आणि त्याच्या जाणूनबुजून केलेल्या कसुरीमुळे किंवा घोर हलगर्जीपणामुळे मिळकतीचं नुकसान झालं तर भरपाई त्याच्या अंगावर. नाही केलं तर रूल ४ खाली कोर्ट त्याची स्वतःची मालमत्ता जप्त करून विकू शकतं. समजा तुम्ही लेखी कळवूनही विजेचं बिल भरलं नाही, लाइन कापली आणि पुढच्या उन्हाळ्यात झाडं वाळली, तर ते 'देवाची करणी' म्हणून सुटत नाही. म्हणून म्हणतोय की तोंडी काही बोलू नका, सगळं लेखी. त्यांची फी कोर्ट ठरवतं, ती मिळकतीच्या उत्पन्नातूनच जाते, म्हणजे चौघांच्या खिशातून, दावा जितका लांबेल तितकी. महापालिकेचा मालमत्ता करही त्यांनीच भाड्यातून भरायचाय, थकला नाही ना ते हिशोबात बघा. हिशोब दाखल झाला की त्याची कॉपी घ्या, पटलं नाही त्या रकमेवर हरकत नोंदवा, गप्प बसाल तर तो मान्य होऊन जाईल.

दादाला आजच सांगा, कुलपाला हात लावायचा नाही. ते कुलूप कोर्टाचं आहे. तोडलं तर कोर्टाच्या ताब्यात अडथळा आणला म्हणून अवमानाची कारवाई होऊ शकते, १९७१ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, शिवाय सार्वजनिक सेवकाच्या कामात अडथळ्याचा गुन्हा वेगळा. आणि त्याहून मोठं नुकसान असं, की हा माणूस मिळकत सांभाळू देत नाही हे बहिणीचं म्हणणं तो स्वतःच्या हातानं खरं करून देईल. खोलीत त्याची फवारणीची औषधं, पंप अडकले असतील तर रिसीव्हरला पत्र लिहून पंचासमोर काढून घ्यावेत.

नेमणूकच मान्य नसेल तर त्यालाही रस्ता आहे. ऑर्डर ४० रूल १ खालच्या आदेशावर अपील करता येतं, ऑर्डर ४३ मध्ये ते दिलंय, जिल्हा न्यायालयात जायचं असेल तर आदेशापासून ३० दिवस, हायकोर्टात म्हणजे आपल्या नागपूर खंडपीठात जायचं असेल तर ९० दिवस, कुठे जायचं ते दाव्याच्या किमतीवर ठरतं. दिवस मोजा, आदेश कधीचा आहे ते पत्रात नाही. पण मला विचाराल तर आज अपिलावर पैसे घालण्यापेक्षा त्याच कोर्टात रिसीव्हरला नीट सूचना द्या असे अर्ज करणं जास्त कामाचं आहे. रिसीव्हर खरंच पक्षपात करतोय, हिशोब देत नाहीये असं दिसलं तर त्याला बदला असा अर्ज तिथेच करता येतो, नेमणाऱ्याला काढायचाही अधिकार असतोच. त्याच्यावर वेगळा दावा वगैरे टाकायच्या फंदात कोणी सांगतं म्हणून पडू नका, त्याला आधी त्याच कोर्टाची परवानगी लागते, सुप्रीम कोर्टानं १९७७ मध्ये म्हटलंय की आधी घ्यायची राहिली तर दावा चालू असताना तरी घ्यावी, नाहीतर सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण लिहितो. पुण्याच्या बहिणीला तुम्ही स्वतः फोन करा, वकिलांना मध्ये न घेता. तिला मिळकत विकायची आहे की फक्त हिशोब आणि हिस्सा हवाय हे पत्रात कुठेच नाही, कदाचित तिला कोणी विचारलंच नसेल. चौघांचं जमलं तर तडजोड लिहून ऑर्डर २३ खाली कोर्टात दाखल करता येते, कोर्ट त्यावरच हुकूमनामा देतं, कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रातही बसता येतं. तडजोड झाली तरी रिसीव्हर लगेच सुटत नाही, शेवटचा हिशोब देऊन, शिल्लक भरून, कोर्टानं मोकळं करेपर्यंत तो बांधील असतो, तेव्हा तडजोडीच्या कागदात ही शिल्लक कोणाला किती हेही लिहा, आणि दादानं वडील गेल्यापासून घेतलेल्या भाड्याचं काय करायचं तेही, नाहीतर तोच वाद पुन्हा उभा राहतो.

या आठवड्यात आदेशाची नक्कल आणि बगीच्याचा अर्ज, ही दोन कामं करा. आईंचा अर्ज त्यामागोमाग. रिसीव्हरला दिलेल्या प्रत्येक पत्राची एक कॉपी बहिणीच्या वकिलांनाही पाठवा.